तिसऱ्याला विचारून दिलेला टोल

"कितला वाजनात?"

अक्का हे विचारायच्या तेव्हा त्यांच्या हातावर एक घड्याळ असायचं आणि ऑफिसच्या भिंतीवर दुसरं. दोन्हींकडे बघून झालेलं असायचं. तरी टोलाची लाकडी हातोडी हातात धरून त्या तिसऱ्या कुणाला तरी विचारायच्या. तिसरा कुणीही चालायचा. मी, दाखला न्यायला आलेला एखादा पालक, एकदा तर फाटकाशी उभा असलेला भाजीवाला. तिघांचं एकमत झालं की मगच व्हरांड्यातल्या पितळी थाळीवर घाव पडायचा.

नातवंडांनो, तुमच्यासाठी लिहिते आहे म्हणून आधी सांगते. ही जळगावातली शाळा, जिथे तुमच्या आजीने आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढली. अक्का तिथल्या शिपाई. त्या साक्रीकडच्या, त्यामुळे बोलणं अहिराणी. 'आहे'ला 'शे' म्हणायच्या. माझ्याशी बोलताना अर्धं माझं, अर्धं त्यांचं, असं मिसळून बोलायच्या. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळी शाळा त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही.

त्यांचे यजमान आमच्याच शाळेत शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी अक्का लागल्या. हातावरचं घड्याळ यजमानांचंच. पुरुषी, रुंद पट्ट्याचं. मनगटात ते राहत नसे, म्हणून अक्का ते कोपरापर्यंत सरकवून ठेवत आणि वेळ बघायला पदर बाजूला करून हात वर उचलत. लांबून वाटे, बाई कुणाला तरी मारायला निघाल्या आहेत.

उशिरा येणाऱ्या मुलांना त्या मारत नसत, पण बोलणं असं की मार परवडला. एकदा नववीतल्या एकाला फाटकात अडवून विचारलं, "सूर्य काय तुना घरना नोकर शे का रे, तुनाकरता थांबाले?" तो मुलगा पुढे वर्षभर सगळ्यांच्या आधी येऊन फाटकाबाहेर उभा राहायचा.

वर्गावर्गातली खबर त्यांना असे. कोणत्या वर्गात सर रागावलेत, कोणत्या बाकावर दोघींचं भांडण चालू आहे, कोण डबा न आणता आलंय. गुणगौरवाच्या दिवशी सभागृहातला गुणवंतांचा फलक त्या स्वतः ओल्या फडक्याने पुसत, प्रत्येक नावावरून सावकाश फडकं फिरवत. वाचता येई त्यांना, पण हळू. एखाद्या नावाशी थांबून म्हणत, ही पोर पावसात भिजून आली होती, हा पेपराच्या दिवशी तापाने फणफणला होता. आमच्या लेखी तो टक्केवारीचा फलक होता, त्यांच्या लेखी माणसांचा.

वेळेपुढे त्या कुणाची भीड ठेवत नसत. एकदा एक मोठे अधिकारी प्रार्थनेनंतर भाषणाला उभे राहिले ते थांबेनात. पहिल्या तासाची वेळ झाली आणि अक्कांनी टोल दिला. मी डोळे मिटून घेतले. अधिकारी हसले आणि म्हणाले, "चला, आमचाही तास संपला." अक्का मला नंतर म्हणाल्या, त्यांनी साहेबांनाच किती वाजले ते विचारून घेतलं होतं, साहेब स्टेजवर चढायच्या आधी.

आता त्या वर्षीचं. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. आमची शाळा दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र होती आणि मी केंद्रसंचालक. त्या वर्षी परीक्षेच्या वेळेत एक बदल झाला होता. पेपर संपायच्या नेहमीच्या वेळेनंतर मुलांना दहा मिनिटं जास्त मिळणार होती. बीजगणिताचा पेपर पूर्वी अकरा ते एक असे, तो आता एक दहाला संपणार होता.

मी पर्यवेक्षकांची बैठक घेतली, परिपत्रक मोठ्याने वाचून दाखवलं, सह्या घेतल्या. तुम्हाला ठाऊक आहे, मी यादीशिवाय बाजारातही जात नाही. त्याही दिवशी यादी होती. बैठकव्यवस्था, पाणी, पोलीस, टोल. 'टोल'पुढे अक्कांचं नाव होतं आणि त्यावर मी बरोबरची खूण केली. अक्का त्या बैठकीत चहा ठेवायला आल्या होत्या आणि कप ठेवून बाहेर गेल्या होत्या. त्यांना वेगळं सांगायचं राहून गेलं. खूण मात्र झाली.

पहिले काही पेपर नीट पार पडले, कारण शेवटच्या टोलाला मी स्वतः व्हरांड्यात उभी राहत असे आणि वेळ झाली की हात वर करत असे. अक्कांना वाटलं, बाई या वर्षी उशीर करताहेत. वय झालं, नोकरी संपत आली, होतं असं. पण मुख्याध्यापिकेला हे कसं बोलायचं, म्हणून त्या गप्प राहिल्या.

बीजगणिताच्या दिवशी साडेबाराला भरारी पथक आलं. असं पथक परीक्षेत काही गैरप्रकार होतो का ते बघायला न सांगता येतं. मी त्यांना घेऊन ऑफिसात बसले, कागद दाखवत होते. एक वाजला. अक्कांनी हातावरच्या घड्याळात पाहिलं, दारातून आत डोकावून भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, फाटकावरच्या पोलिसाला विचारलं. तिन्ही ठिकाणी एक. मी बाहेर येत नाही हे बघून त्यांना वाटलं, बाई विसरल्या. पथकासमोर बाईंचा टोल चुकायला नको.

आणि त्यांनी शेवटचा लांब टोल दिला.

मी धावत बाहेर आले. बाकीच्या खोल्यांतल्या पर्यवेक्षकांना वेळ माहीत होती, त्यांनी मुलांना लिहीत राहायला सांगितलं. चार नंबरच्या खोलीतला पर्यवेक्षक नवखा होता, टोल ऐकून गडबडला आणि त्याने उत्तरपत्रिका गोळा करायला सुरुवात केली. मी पोचले तेव्हा दोन रांगा झाल्या होत्या. पथकातल्या अधिकाऱ्यांनी समजूतदारपणा दाखवला. उत्तरपत्रिका परत दिल्या, गेलेली मिनिटं भरून दिली, तशी नोंद केली. नियमाने सगळं सुरळीत झालं.

पण त्या दोन रांगांत तेजल होती.

तेजल पहूरची. घरी केळी आणि कापूस, शिक्षणासाठी जळगावात मामाकडे राहिलेली. त्या वर्षी शाळेत पहिली येणार ती हीच, हे सगळ्यांनी धरलेलं. चार गुणांचं शेवटचं गणित तिने कच्चं सोडवलं होतं, ते पक्कं उतरवायचं राहिलं होतं, आणि तेवढ्यात तिच्या हाताखालून पेपर गेला. परत मिळाला तेव्हा ती रडत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, उतरवलंस का. ती म्हणाली, "काहीतरी लिहिलं बाई. काय लिहिलं ते आठवत नाही."

अक्का शेजारीच उभ्या होत्या.

संध्याकाळी मला अहवाल लिहायचा होता. त्यात मी लिहिलं, 'शिपाई यांच्या नजरचुकीने टोल दहा मिनिटे अगोदर देण्यात आला.' त्याखाली अक्कांची सही घेतली. त्यांनी वाक्य बोट ठेवून वाचलं आणि एकेक अक्षर काढत सही केली. त्या अहवालाची प्रत माझ्याकडे आहे, कारण मी प्रत्येक कागदाची प्रत ठेवते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हातावर घड्याळ नव्हतं. टोल त्यांनी दुसऱ्या शिपायाकडे सोपवला. रोज सकाळी माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवताना विचारायच्या, निकाल कधी. मी म्हणायची, अजून पेपर संपले नाहीत अक्का. मग म्हणायची, अजून तपासायचेत. त्या मान हलवून जायच्या आणि उद्या पुन्हा विचारायच्या. मला त्या तांब्याच्या आवाजाची धास्ती वाटू लागली. दर वेळी वाटे, आज सांगावं की चूक तुमची नाही. दर वेळी दारात कुणीतरी उभं असे, किंवा मीच तसं ठरवून टाकत असे.

एका रविवारी अक्का एसटीने एकट्या पहूरला गेल्या. तेजलच्या घरच्यांची माफी मागायला. तिथे त्यांना जेवायला वाढलं. तेजलच्या आजोबांना सगळे आबा म्हणतात. ते म्हणाले, "अक्का, आमच्या देवळातली घंटा दिवसभर वाजते. म्हणून देव कधी उठून गेला का?" घरातले सगळे हसले. निघताना त्यांनी केळीची एक मोठी फणी अक्कांच्या पिशवीत घातली. सोमवारी ती फणी माझ्या टेबलावर ठेवून अक्का एवढंच बोलल्या, की शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. केळी आठवडाभर तिथेच होती. ती पिकली, काळी पडली, कुणी खाल्ली नाही.

निकाल लागला तेव्हा मी निवृत्त होऊन दोनच दिवस झाले होते. तरी गेले. संगणकाच्या खोलीत गर्दी, अक्का बाहेर भिंतीकडे तोंड करून उभ्या. तेजल शाळेत पहिली आली होती. पोरी नाचल्या, पेढे आले. मी बाहेर येऊन अक्कांना सांगितलं. त्यांनी गणितात किती ते विचारलं. सत्त्याण्णव, मी म्हणाले.

"तीन कोठे गयात?"

मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

गुणगौरवाच्या कार्यक्रमाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. सभागृहामागच्या खोलीत अक्का नारळ आणि शाली तबकात लावत होत्या. मी दार लोटून घेतलं आणि एकदाचं बोलले. की वेळेतला बदल मी त्यांना सांगितलाच नव्हता. की यादीवर खोटी खूण केली, अहवालात खोटं वाक्य लिहिलं.

अक्कांनी शालीची घडी नीट केली.

"माले त्याच दिन समजी गयं व्हतं, बाई."

मग गप्प का राहिलात, मी विचारलं.

"तुमना तीन महिना राहिना व्हतात. इतली वरीस नोकरी कयी, आनि शेवटले डाग? मनं काय शे."

माझं काय जातंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तबक माझ्या हातात दिलं आणि चला म्हणाल्या, वेळ झाली.

स्टेजवर मी तयार करून नेलेलं भाषण वाचलं नाही. त्या दिवशीच्या टोलाची चूक माझी होती, अक्कांची नव्हती, हे सांगितलं. का, तेही सांगितलं. माईक मधेच किंचाळत होता, पालक फोटो काढण्यात गुंतले होते, किती जणांनी ऐकलं देव जाणे. तेजलने ऐकलं, पहिल्या रांगेत आबांनी ऐकलं. मी आणखी बोलत राहिले, एकच गोष्ट दोनदा सांगायला लागले, तेव्हा सभागृहाच्या शेवटी पाण्याचे ग्लास भरणाऱ्या अक्कांनी पदर सारून हात वर उचलला आणि कोपराजवळच्या घड्याळावर बोट ठेवलं. घड्याळ परत हातावर आलं होतं. मी खाली बसले.

जुलैत तेजलच्या मामाने मागवलेली उत्तरपत्रिकेची छायाप्रत आली. एका शनिवारी शाळा सुटल्यावर ती घेऊन तेजल आली, मलाही बोलावलं. आम्ही तिघी टोलाखालच्या पायरीवर बसलो. शेवटचं गणित पूर्ण उतरवलेलं होतं, चारपैकी चार. तीन गुण गेले होते ते भूमितीत, त्यानंतरच्या पेपरात. तेजल हसत हसत म्हणाली, "बघा अक्का, तुमचा टोल निर्दोष सुटला."

अक्कांनी कागद मांडीवर घेतला. गणित त्यांना कळत नव्हतं. पण वरपासून खालपर्यंत त्या बोट फिरवत गेल्या, जसं फलकावरून फडकं फिरवत तसं, आणि शेवटच्या पाचसहा ओळींशी थांबल्या. वरचं अक्षर मोत्यासारखं होतं. तिथे ते थरथरून फुटलं होतं, आकडे रेघ सोडून खाली उतरले होते.

"मार्क बठ्ठा भेटनात," त्या म्हणाल्या. मग त्या ओळींवर बोट टेकवलं. "पन आठे पोरना हात कापना, बाई."

तेजल हसायची थांबली. मीही तो कागद आधी पाहिला होता, आणि मला फक्त गुण दिसले होते.

काही वर्षांनी अक्काही निवृत्त झाल्या आणि साक्रीच्या पुढे आपल्या गावी मुलाकडे गेल्या. दर रविवारी दहाला मी फोन करायची. पहिल्याच रिंगला उचलायच्या, आणि एखाद्या रविवारी मला पाच मिनिटं उशीर झाला की आधी त्याची विचारपूस. या हिवाळ्यात एका रविवारी फोन त्यांच्या मुलाने उचलला. अक्का गेल्या, म्हणाला.

शाळेत आता विजेची घंटा बसवली आहे. ती आपली आपण वाजते. परवा सराफ बाजाराकडून रिक्षाने येत होते, शाळेपाशी गर्दीत अडकले आणि नेमकी ती वाजली. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. समोरच्या दुकानातल्या घड्याळात पाहिलं. दोन्हींत पाच. मग पुढे वाकून रिक्षावाल्याला विचारलं, "भाऊ, किती वाजले?"