अक्षय तृतीयेचा डबा

वडिलांना जाऊन वर्ष झाल्यावरच्या पहिल्या अक्षय तृतीयेला, दुपारी, आईने त्यांचा जेवणाचा डबा दुसऱ्या माणसाला देऊन टाकला. स्टीलचा, तीन कप्प्यांचा डबा. झाकणावर वडिलांचा पोलाद कारखान्यातला टोकन नंबर ठोकलेला. तो मी रायपूरला, माझ्या नोकरीच्या गावी नेणार होतो. आईला अजून सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने एकाला पितर म्हणून जेवू घालतात आणि पाण्याने भरलेली मातीची घागर देतात. आईने वडिलांच्या शिफ्टमधल्या काकांना बोलावलं. सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमध्ये ते वडिलांच्या जागी, वडिलांच्या पाटावर बसले. वाढायला मी होतो.

रसाची दुसरी वाटी मी उशिरा वाढली.

"कावून रे पेपरवाल्या, हात आखडून राहिला?" काका हसले. "तुझा बाप डबा उघडला का पहिले अर्धी भाजी मले देत होता. म्हणे, मले कारलं लय आवडते, पण घरी पोट्टे तोंड लावत नाहीत, तू तरी खाय."

वडिलांना कारलं आवडायचं, हे मला तेव्हा कळलं. काका ते अठ्ठावीस वर्षं रोज पाहत होते. मला त्यांचा हेवा वाटला. काकांनी आणखी वडा मागितला, तेव्हा तो वाढला.

अक्षय हा शब्द मी पेपरच्या डेस्कवर बातम्यांमधून काढून टाकत असे. अक्षय कीर्ती, अक्षय ठेवा. पुरावा कुणी देत नाही. क्षय म्हणजे झीज. टीबीलाही क्षयच म्हणतात. ज्याला झीज नाही, नाश नाही, ते अक्षय. प्लांटमध्ये आयुष्य घालवलेले वडील म्हणत, "लोखंडालेही जंग खाते."

जेवण झाल्यावर आईने घागरीबरोबर डबा पुढे केला.

"भाऊजी, हा तुमीच वापरा."

"आई, तो डबा मी..."

"आजचं देल्लं अक्षय असते," ती म्हणाली. "वापस मांगाचं नसते. तुले पाह्यजे होता तं आधी बोलाचं ना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, पोराले..."

"न्या तुमी."

त्यांनी डबा सायकलच्या हँडलला अडकवला, घागर कॅरिअरला बांधली.

घागर पुढच्या उन्हाळ्यात तडकली. काका निवृत्त झाले. डबा आता त्यांचा मुलगा प्लांटमध्ये नेतो. गेल्या महिन्यात आईला फोन करून मी हे पुन्हा विचारून घेतलं. झाकणावरचा नंबर अजून वाचता येतो.