घर दाखवायचं म्हणून बुजवलेला खड्डा

पहिली लढाई संपली होती आणि दुसरीचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आमचे हे निपाणीला तंबाखूच्या वखारीत नोकरीला, आणि मी बेळगावात शहापूरला, सासू-सासऱ्यांजवळ, म्हणजे आत्याबाई आणि मामंजींजवळ. मामंजी आयुष्यभर मागावर लुगडी विणत आलेले. आता धागा दिसेना म्हणून माग विकून टाकला होता. घर विकलं की तिघांनी निपाणीला जायचं, असं ठरलं होतं. म्हाताऱ्यांना टाकून सुनेनं नवऱ्याकडं जायचं, ही बात आमच्याकडं नव्हती. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण नवरा दिसायचा सणाला, तोही पाहुण्यासारखा. घर विकेपर्यंत माझा संसार असा टांगणीला.

पहिल्यांदा बघायला आले ते एक मास्तर, काळी टोपी, हातात छत्री. त्यांच्यासाठी आत्याबाईंनी आणि मी भिंतींना पांढरी माती दिली, जमीन सारवली, शेजारणीची समई मागून आणून कोनाड्यात ठेवली. मास्तर वर बघत, तुळयांचं कौतुक करत दारालगतच्या सोप्यात आले आणि एक पाय थेट मागाच्या खड्ड्यात. विणकर त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायानं माग चालवतो. माग गेला तरी खड्डा राहिला होता. मास्तर कानडीत जे बोलले ते मला समजलं, पण इथं सांगण्यासारखं नाही. लंगडत गेले ते गेलेच. छत्री न्यायलाही आले नाहीत.

"असलं भगदाड बघून कोण घेणार हाय घर?" आत्याबाई म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी परसातली माती पाट्यांनी आणून खड्डा बुजवला, धुमसानं ठोकला, वर सारवून रांगोळी काढली. मामंजी उंबऱ्यावर बसून ऐकत होते. त्यांना आम्ही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. तसा घर विकायचा विषय निघाला की त्यांना नेहमीच खोकला यायचा.

दुसरं गिऱ्हाईक जवळच्याच खासबागचं. बसला, पाणी प्याला, सोपा नजरेनं मोजला आणि म्हणाला, "माग कुठं हुता?"

"छे, या घरात माग कधी न्हवताच," आत्याबाई म्हणाल्या. विणकरांची गल्ली, दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चाललेली, आणि ही बाई असं सांगतेय. मामंजी समोरच होते. हूं की चूं केलं नाही.

"मग माझ्या काय उपेगाचं? मी विणकर हाय," तो म्हणाला. "नवा खड्डा काढायचा आन् पावसाळ्यात खाली पाणी लागलं, म्हंजे? माग चालल्यालं घर बघतोय मी."

तो गेला. माझं डोकं फिरलं. सासऱ्यांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्या दिवशी उघडलं. "तुमी एक शब्द बोलला असता तर आज घर गेलं असतं, मामंजी. मी माझ्या घराला कधी जायाचं? म्हातारी झाल्यावर?"

मामंजींनी पटका काढून मांडीवर ठेवला. आत्याबाई मात्र पुढं बराच वेळ बोलल्या.

सकाळी उठून बघते तर सोप्यात मातीचा ढीग आणि मामंजी कुदळ घेऊन खड्ड्यात. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. हातानं चाचपत जुनी कड शोधायचे, मधेच काठावर बसून पाय खाली सोडून बघायचे. मी माती उचलायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कुठवर हाय ते मला ठावं हाय." दुपारी काठी टेकत खासबागला गेले आणि त्या माणसाला घेऊन आले.

तो काठावर बसला. पाय सोडले, तळाला बरोबर टेकले. खालची माती हातात घेऊन चुरली. कोरडी होती.

"मग काल माग न्हवता असं का सांगितलासा?"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मामंजी म्हणाले, "काल मला घर इकायचं न्हवतं."

"आन् आज?"

"आज बी न्हाय. पर पोरीला तिच्या घराला जायाचंय."

आत्याबाईंनी मला चहा टाकायला सांगितला. मी चुलीपुढं बसून रडत राहिले. चहाला लई उशीर झाला, पण त्या दिवशी मला कुणी काही बोललं नाही.