धावपट्टीवरचे सोळा सोमवार

तांदूळ निवडताना निघालेले खडे मी खिडकीतल्या एका वाटीत ठेवते. फेकू म्हणते आणि राहून जातं. एक दिवस पाहावं तर वाटी भरलेली! विमानतळाच्या क्वार्टरमध्ये आम्ही बावीस वर्षं काढली. तिथले किस्सेही असेच साठले. सांगायला बसले की मैत्रिणी हसतात, मीही हसते. पण अलीकडे सांगता सांगता मध्येच मी चहा टाकायला उठते. म्हणून म्हटलं, आता लिहूनच काढावं.

विमानतळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काचेची इमारत येईल. तसलं काही नाही. नागपूरकडच्या शहापूरच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की धानाच्या शेतांमधून, बांध्यांमधून गेलेली एक लांब डांबरी पट्टी. एक पत्र्याचं हँगर, एक वेटिंग रूम, एक आगीचा बंब, वारा कुठून येतो ते दाखवणारी खांबावरची कापडी नळी, आणि मागं दोन क्वार्टर. एकात आम्ही, आमचे हे बंबावर. दुसऱ्यात रामटेकेभाऊ आणि त्यांच्या शालूताई. भाऊंकडं पट्टी. रोज सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि खडा, खिळा, मेलेला साप, जे दिसेल ते उचलायचं.

गावातली म्हातारी माणसं सांगतात, इंग्रजांच्या लढाईच्या वेळी मुरूम टाकून ही पट्टी केली. लढाई संपली आणि कितीतरी वर्षं तिथं नुसती गुरं चरली. मग कधीतरी डांबर आलं, कुंपण आलं, निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टरं येऊ लागली. एकदा एक साहेब तपासणीला आले आणि भाऊंना विचारलं, "इथं वर्षाला लँडिंग किती होतात?"

भाऊ हात जोडून म्हणाले, "विमानाचे सांगू साहेब, का गाईचे?"

*

शेवटी विमान चालवायला शिकवणारा एक क्लब आला. त्यांचं पहिलं विमान उतरणार म्हणून मी पहाटेच आंघोळ करून, नऊवारी नेसून, ताट घेऊन उभी. शिकवणारे कॅप्टनसाहेब उतरले. उंच, पांढऱ्या मिशांचे, हिंदी-मराठी मिसळून बोलणारे. मी त्यांना ओवाळलं, विमानाच्या नाकाला कुंकू लावलं आणि शुभकार्य म्हणून तिथंच पट्टीवर नारळ फोडला!

साहेब ओरडलेच. "अरे! एक टुकडा भी इंजिनमें गया तो!"

झालं. भाऊ गुडघ्यांवर. करवंटीचा एकेक तुकडा वेचून त्यांनी हँगरच्या ओट्यावर जुळवायला घेतला. अख्खा नारळ परत उभा केला म्हणा ना! पण एक तुकडा कमी. अर्धा तास सगळे वाकून शोधताहेत, साहेब घड्याळ पाहताहेत. मी पदराखाली हात घेऊन उभी. भाऊ माझ्यासमोर आले आणि हळूच म्हणाले,

"वहिनी, मूठ उघडा."

उघडली. प्रसाद म्हणून ठेवला होता हो!

"देवाले चालते वहिनी," भाऊ म्हणाले, "इंजिनले नाही चालत."

*

वेटिंग रूमला दार एकच. पण वरून पाट्या आल्या दोन, 'आगमन' आणि 'प्रस्थान'. लावायच्या कुठं? यांनी आणि भाऊंनी दुपारभर डोकं चालवलं आणि एक बाहेरून लावली, एक आतून. बाहेरून येणाऱ्याला 'प्रस्थान' दिसायचं, आतून निघणाऱ्याला 'आगमन'. आत सोफे होते, त्यांचं प्लास्टिक कोणी कधी काढलं नाही. बसणारंच कोणी नव्हतं.

तिथला झाडू शालूताईंकडं होता. एकदा मी म्हटलं, "शालूताई, तुम्ही कधी कुठं जात नाही, कंटाळा नाही येत?"

त्या झाडू टेकवून म्हणाल्या, "कोण म्हणते जात नाही? रोज प्रस्थान करतो, कचरा काढतो अन आगमन करतो!"

*

वाऱ्याची ती नळी एका उन्हाळ्यात पार चिंध्या झाली. नवी मागवली होती, ती काही येईना. भाऊ माझ्या दारात आले, "वहिनी, तुमची शिलाई मशीन आहे न?"

नारिंगी कापड माझ्याकडं होतं, मंदिराच्या झेंड्यासाठी आणलेलं. मधले पट्टे पांढरे हवेत. पांढरं कापड कुठून आणायचं? शालूताईंनी ट्रंक उघडली. बाबासाहेबांच्या जयंतीला नेसायची पांढरी साडी काढली आणि माझं ऐकण्याआधी कात्री लावली. दोघींनी मिळून नळी शिवली. खांबावर चढवली तशी ती पहिल्याच झुळकीत फुगून उभी राहिली.

मी जरा भीत भीत म्हटलं, "भाऊ, झेंड्याचं कापड आहे. कोणी काही म्हणणार तर नाही ना?"

"काय म्हणतीन?" भाऊ वर पाहत म्हणाले. "आतापर्यंत वारा कोणाचाच नव्हता. आता दोघींच्या माहेरचा झाला!"

*

धानकापणी झाली की आजूबाजूच्या बायांचा डोळा आमच्या पट्टीवर. एवढं स्वच्छ, तापलेलं डांबर दुसरीकडं कुठं मिळणार! भाऊ कधी परवानगी देत नसत. पण एका वर्षी आभाळ भरून आलं, मळणी झालेलं धान ओलं, बाया रडकुंडीला आल्या. त्या दिवशी विमान यायचं नव्हतं. भाऊ म्हणाले, "टाका बाप्पा, पण दोन घंट्यात उचला."

तासाभरात वर घरघर! कॅप्टनसाहेब एक दिवस आधीच परतले होते. भाऊंच्या हातातला वायरलेस खरखरू लागला.

"साहेब, दहा मिनिटं वरच फिरा. पट्टीवर धान आहे!"

"धान? कौन? किसने डाला?"

त्या खरखरीत भाऊंना एवढंच ऐकू आलं, "कौन-सा?"

"चिन्नोर आहे साहेब!" भाऊ अभिमानानं ओरडले. "एकदम असली, वासाचं धान!"

साहेबांनी मुकाट्यानं आकाशात तीन फेऱ्या मारल्या. खाली आम्ही सगळ्या पदर खोचून धान ओढतोय, भाऊ झाडू मारताहेत. उतरल्यावर साहेब रागावतील म्हणून सगळे भिंतीला चिकटून उभे. साहेब आले आणि म्हणाले, "चार किलो मेरे लिए रखना."

त्याच दिवशी भाऊंना धीर आला असावा. त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "साहेब, एक डाव मले बी वर न्या. पट्टी खालून लय पाह्यली. वरून कशी दिसते, एकदा पाहाचं आहे."

साहेबांनी भाऊंच्या पोटाकडं पाहिलं. "रामटेके, दोन माणसांचं विमान. मी एक, पेट्रोल, आणि तू... वजनात बसत नाहीस!"

सगळे हसले. भाऊही हसले. पण त्यानंतर प्रत्येक विमान उडताना मी त्यांच्याकडं पाहायची. विमान दिसेनासं झालं तरी त्यांची मान खाली यायची नाही.

*

मग पत्र आलं. क्लब इथून हलणार. चार महिन्यांनी शेवटचं विमान निघेल आणि मग पट्टीला कुलूप.

मी नवसाची बाई. पोरीच्या दहावीसाठी मंगळवार केले, यांच्या गुडघ्यासाठी शनिवार. त्या रात्री महादेवापुढं दिवा लावून म्हटलं, देवा, तुझे सोळा सोमवार करते. कुलूप लागायच्या आत रामटेकेभाऊंना त्या सीटवर बसव.

हे म्हणाले, "अगं, ते बाबासाहेबांना मानणारे. तुझा नवस त्यांना कसा लागू पडेल?"

मी म्हटलं, "उपाशी मी राहणार आहे ना? मग झालं."

शालूताईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "काहून वो बाई? विमानात बसाले उपास कायले लागते? अर्ज लागते अर्ज!" आणि त्यांनी खरंच भाऊंच्या नावानं अर्ज लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. इकडं माझा उपास, तिकडं त्यांचा अर्ज!

आणि भाऊ? ते माझ्या दारात उभं राहून साबुदाण्याची खिचडी खात म्हणाले, "वहिनी, तुमचा हिशोब चुकून राहिला. उपास तुम्ही करता, अन वजन माझं कमी व्हाले पायजे!"

*

आठव्या सोमवारी भाऊ खिचडी खायला आले नाहीत. जेवण जात नव्हतं. शालूताई त्यांना नागपूरला घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि शालूताईंना एकटीला आत बोलावलं. परत आल्यावर त्या माझ्याकडं बसल्या, तांदूळ निवडू लागल्या, आणि निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडत राहिल्या.

भाऊंनी पट्टीवर जाणं सोडलं नाही. आधी अर्धी पट्टी, मग पाव. उरलेली हे चालायचे.

हँगरमध्ये सामान तोलायचा मोठा काटा होता. अकराव्या सोमवारी मी बेल वाहून परत येत होते, तर भाऊ त्या काट्यावर उभे. शर्ट खांद्यावर नुसता टांगल्यासारखा. मला पाहून त्यांचं तोंड लहान मुलासारखं उजळलं.

"वहिनी, लागू पडला तुमचा उपास! या, पहा. बसलो न वजनात!"

मला हसायचं होतं. हसता आलं नाही. मागं कॅप्टनसाहेब उभे होते. त्यांनीही काटा पाहिला. खिशातून पेन काढलं, शालूताईंचा अर्ज मागवला आणि त्यावर सही केली. म्हणाले, "वरची परवानगी मी आणतो. शेवटच्या दिवशी, निघायच्या आधी, पहिली फेरी तुझी."

भाऊंनी विचारलं, "शेवटच्या दिवशीच काहून साहेब? उद्या काहून नाही?"

"कागद यायला वेळ लागतो रामटेके."

"बरं," भाऊ म्हणाले. "कागदाले वेळ लागतेच."

*

चौदाव्या सोमवारी, दुपारी, भाऊ गेले.

पोथीत सगळं आहे. व्रत कसं धरायचं, मोडलं तर काय करायचं, उद्यापनाला चुरमा कसा करायचा. पण ज्याच्यासाठी मागणं मागितलं तोच गेला, तर मागणं परत कसं घ्यायचं, ते पोथीत नाही. मी पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. मग म्हटलं, देवानं नाही म्हणेपर्यंत आपण थांबायचं नाही. पंधरावा केला. सोळावाही केला.

चुरम्याची वाटी घेऊन शालूताईंकडं गेले. वाटलं, आता या बोलतील मला, हेच का तुमच्या देवाचं देणं!

त्यांनी वाटी घेतली, एक घास खाल्ला.

"गूळ कमी पडला बाई," त्या म्हणाल्या. आणि मला जवळ घेऊन त्याच माझी पाठ थोपटू लागल्या.

*

शेवटच्या दिवशी विमान हँगरबाहेर काढलं. निरोपाला गावातून दहा-बारा माणसं आली होती. हे बंबाजवळ उभे. पट्टी सकाळीच यांनी चालून पाहिली होती, पण साहेब म्हणाले, "मैं भी देख लेता हूँ," आणि एकटेच चालत त्या टोकाला जाऊन आले. कितीतरी वेळ लागला.

मग शालूताईंसमोर उभे राहून त्यांनी खिशातून कागद काढला. "भाभीजी, परवानगी आली आहे. नाव रामटेके लिहिलंय. तुम्हीही रामटेकेच. याल?"

शालूताई मागं सरकल्या. "नाही ना वो साहेब! मले भेव लागते. मी तर आकाशपाळण्यात बी नाही बसली कधी."

साहेब कागद तसाच धरून उभे राहिले. शालूताईंनी एकदा पट्टीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मी मान हलवली. त्यांनी चपला काढल्या, मंदिरात जाताना काढतात तशा, आणि पदर कमरेला खोचून चढल्या.

विमान उठलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. नमः शिवाय, नमः शिवाय. घरघर दूर गेली, डोक्यावरून फिरली, पुन्हा दूर गेली, आणि मग चाकं टेकल्याचा आवाज आला.

शालूताई उतरल्या. अनवाणीच चालत माझ्याजवळ आल्या. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी गटागटा संपवला.

"काय दिसलं हो?" मी विचारलं.

"रोज पट्टीवरून घरी येत अन पाय लांब करून बसत," त्या म्हणाल्या. "म्हणत, दाबून दे वो, लय मोठी पट्टी आहे, पाय गेले माझे. अन मी दाबून देत होती." त्यांनी हात पुढं केला आणि अंगठा ते करंगळी, बोटं ताणून दाखवली.

"खोटं बोलत होते वो बाई! एवढी तर आहे!"