शेजारच्या ड्रमवाल्याचं लोटांगण

शेजारचा म्हातारा गणपतीपुढे पालथा पडला आणि आमच्या अमेरिकेतल्या घरात जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले.

आरती संपत आली होती. शेवटी सगळे टाळ्या वाजवत स्वतःभोवती फिरतात आणि देवापुढे डोकं टेकतात. नेमका त्याच वेळी हा खुर्चीतून पुढे गेला तो सरळ सतरंजीवर. कपाळ पाटाजवळ, हात पसरलेले. लोटांगण असंच असतं. एक बाई म्हणाली, "बघा हो, अमेरिकन असून काय भाव आहे!" दुसरीनं त्याचं डोकं देवापर्यंत पोचावं म्हणून समई बाजूला घेतली. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करायला लागलं. माझ्या जावयानं पुढचे मंत्र सुरूही केले.

मी भिंतीकडच्या खुर्चीवर होते. म्हाताऱ्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्याला खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी कोणाचा तरी हात लागतो. तो लोटांगण कुठून घालणार?

"गप बसा रे सगळे," मी ओरडले. "पडलाय तो!"

"आई, एक मिनिट, मंत्र मधेच थांबवत नाहीत," जावई म्हणाला.

"चुलीत गेले मंत्र. उताणा करा त्याला."

उताणा केला. काळ्या चेहऱ्यावर राखेची कळा आली होती. श्वास नव्हता. माझी लेक गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबायला लागली. तिच्या ऑफिसनं एकदा सगळ्यांना हे शिकवलं होतं. 'सगळा शनिवार गेला' म्हणून घरी येऊन केवढी कुरकुर केली होती तिनं. आता नऊवारीचा काष्टा सुटला तरी थांबेना. जावई फोनवर पत्ता सांगत होता, पण स्वतःच्या घराचा नंबर त्याला आठवेना. तो बाहेर जाऊन दारावरचा बघून आला.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी यंत्र लावून झटका दिला आणि त्याला घेऊन गेले. लेक तशीच मागोमाग आपल्या गाडीतून गेली. नाडी लागली की नाही, ते कोणी सांगितलं नाही.

"मावशी, ऐन आरतीत असं व्हावं म्हणजे काही बरं नाही," एक जण म्हणाली.

"त्याच्यासाठी बरं नाही," मी म्हणाले. "प्रसाद घ्या आणि घरी जा."

सगळे गेल्यावर त्यानं आरतीत वाजवायला आणलेला छोटा ड्रम तिथेच राहिला होता. मी तो सोफ्यावर ठेवला आणि फोनची वाट बघत बसले.

हा म्हातारा माझ्याहून थोरला. तरी मला 'आजी' म्हणतो, कारण माझी नात म्हणते. माझं इंग्रजी भाजी घेण्यापुरतं, त्याचं मराठी 'आजी' आणि 'बस' एवढंच. 'बस' म्हणजे ताटात आणखी वाढू नका. तेही त्याला उशिरा कळलं. तोवर माझ्या हातच्या भाकऱ्या निमूट खायचा. दुपारी ऊन पुढच्या अंगणात आलं की आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसतो. फार बोलत नाही. दोघांनाही जोडीदार नाही आणि दोघांनाही डुलकी लागते.

त्याच्या स्वयंपाकघरात एक फोटो आहे. चकचकीत सूट घातलेली चार पोरं, केसांना तेल. हा ड्रमच्या मागे, दात काढून हसतोय. रॉक अँड रोल नुकतं सुरू झालं होतं, तेव्हाची ही मंडळी. बाकीची कहाणी लेकीनं मला सांगितली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गावांतून गाडी हाकत फिरायचे. हॉलमध्ये यांच्या ठोक्यावर गोरी पोरं-पोरी नाचायची, पण नाच संपला की राहायला हॉटेल मिळायचं नाही. जेवण मागच्या दारानं. चौघं गाडीत झोपायचे, हा ड्रमवर डोकं ठेवून. मागचं दार म्हणजे काय, ते मला कोणी समजावून सांगायला नको. आमच्या गावातही होतं. आम्ही पुढच्या दारानं जाणारे होतो, एवढंच.

त्यांचं एक गाणं पुढे एका गोऱ्या गायकानं म्हटलं आणि ते देशभर वाजलं. अजून वाजतं. एकदा लेक आम्हा दोघांना किराणा आणायला घेऊन गेली होती. तिथे दुकानाच्या छतातल्या स्पीकरवर ते लागलं. म्हातारा कांद्यांपाशी थांबला आणि सामानाच्या ढकलगाडीच्या दांड्यावर बोटं वाजवायला लागला. लेकीला म्हणाला, "आवाज त्याचा. ठोका माझा."

मला ते गाणं आवडलं नाही. नुसता गोंगाट. मी तसं सांगितलं आणि लेकीला ते त्याला सांगायला लावलं.

"आई, असं कसं सांगू?"

"सांग. म्हातारा आहे, मरणार नाही."

तिनं सांगितलं. तो हसून हसून बेजार झाला. म्हणाला, "माझी आईही हेच म्हणायची."

फोटोतले बाकी तिघं गेलेत. एक तर तिशीतच, रस्त्यावरच्या अपघातात. त्या गाण्यावर कोणाचं नाव छापलंय ते छापलंय. पण तो ठोका कोणी बसवला, कुठल्या गोदामात, कुठल्या फुटक्या ड्रमवर, हे जाणणारा आता हा एकटाच. सोफ्यावरच्या ड्रमकडे बघत मला एवढंच वाटत होतं की हा गेला तर विचारायला कोणी उरणार नाही. आणि दुपारी अंगणात मी एकटी.

आरतीला तो आदल्याच वर्षापासून यायला लागला होता. आपण टाळी पहिल्या ठोक्यावर देतो, तो दुसऱ्यावर द्यायचा. जावई म्हणाला, "आई, हे आरतीत चालतं का?" मी म्हटलं, गणपती काही बोलला का? मग पोरंही त्याच्यासारखीच टाळी देऊ लागली. आता आमच्या घरची आरती तशीच होते, आणि ऐकणाऱ्याला ती जरा नाचरी वाटते. मला त्याचं काही वाटत नाही.

लेकीचा फोन आला. ऑपरेशन करतायत म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, रडून आणखी दमू नकोस, आधी काहीतरी खा.

दोन दिवसांनी मला भेटायला नेलं. छातीत यंत्र बसवलेलं, तोंड सुकलेलं, पण डोळे जागेवर. लेकीच्या दाबण्यानं बरगड्या मोडल्या होत्या. ती सॉरी सॉरी म्हणत उभी. त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "मी आयुष्यात इतक्या जोरात वाजवलं नाही, पोरी. ताल मात्र चांगला होता, असं डॉक्टर म्हणाले."

मग माझ्याकडे वळून त्यानं काय झालं ते विचारलं.

"लोटांगण घातलंस," मी म्हणाले. "सगळे पाया पडले."

लेकीनं समजावून सांगितलं. त्याला हसू आलं, आणि बरगड्या दुखल्या म्हणून लगेच कळवळला. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गरम होतं, जिवंत माणसाचं असतं तसं. थोडा वेळ मी हात काढला नाही, त्यानंही डोकं हलवलं नाही.

विसर्जन त्याच्याशिवाय झालं. पुढच्या महिन्यात तो घरी आला. वाचला तो.