बर्फाच्या मशीनची खुडखुड

गंगाराम मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझा त्यांच्यावर मुळीच विश्वास बसला नाही. दुरुस्तीला आलेला माणूस आधी हत्यारं काढतो की नाही? हे आले, पायरीशी पाय धुतले, बसायला पाट मागितला आणि मशीनसमोर मांडी घालून बसले. पंधरा मिनिटं नुसते बसून. मी चुलीवर चहा ठेवला आणि मनात म्हटलं, झालं, हा तिसराही तसलाच.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आमचे हे बोटीवर कामाला. आदल्या सुट्टीत त्यांनी कुवेतहून बर्फाचं मशीन आणलं. कमरेएवढं उंच, वरून पाणी ओतलं की खालच्या कप्प्यात टपाटप बर्फाचे खडे पडायचे. अख्ख्या भाट्ये गावात असलं मशीन आमच्याकडेच. कुणाच्या पोराला ताप आला, कुणाकडे पाहुणे आले, की वाटी घेऊन सगळे आमच्या दारात. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली आणि दुसऱ्याच दिवशी हे बोटीवर गेले. शिमग्याच्या सुमारास मशीन वाजायला लागलं. चालू झालं की खुडखुड, खुडखुड, थांबलं की गप्प. नेमकी त्याच वेळी यांची पत्रंही थांबली. माझ्या सासूबाई, येसूबाई, यांनी दोन्हीची गाठ घातली. लवूचं, म्हणजे यांचं, मशीन कण्हतंय, म्हणजे लवूचं काहीतरी बिनसलंय, असं धरून बसल्या. मी कंपनीच्या ऑफिसात तार केली. बोट ठीक आहे असं उत्तर आलं. त्यावर म्हणाल्या, बोट ठीक आहे म्हणून माणूस ठीक असतो का? मशीन बंद करू म्हटलं तर मशीन थांबलं की लवूचा श्वास थांबेल, असं भलतंच मनात आणलं. महिनाभर वाटीभर पेजेवर होत्या. हाडं वर आली. मी समजावलं, रडले, शेवटी चिडून दोन दिवस बोललेसुद्धा नाही. काही उपयोग नाही.

पहिला मिस्त्री म्हणाला, कॉम्प्रेसर गेला. दुसऱ्याने चार स्क्रू आवळले आणि परदेशी माल इथे सुधारत नाही म्हणून मोकळा झाला. बाजूची खालची जाळी दोघांनीही उघडली नाही, कारण सासूबाई नेमक्या त्याच बाजूला टेकून बसायच्या. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गंगाराम मिस्त्री मूळचे केळशीचे. वीस वर्षं बोटींवर मांसमच्छीच्या थंड खोल्या सांभाळायचं काम केलेलं, आता मांडवीला लहानसं दुकान. पन्नाशीचा, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. बसून ऐकून झाल्यावर त्यांनी वाटीभर पाणी मागितलं आणि मशीनच्या डोक्यावर ठेवलं. पाणी एका बाजूला सरकलं तशी त्यांनी कोपऱ्याखाली लाकडाची चकती घातली. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावून जागा बदलत बदलत ऐकत राहिले. मागे एक तांब्याची नळी पत्र्याला घासत होती, तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. तिची घरघर गेली. खुडखुड होती तशीच.

मला वाटलं, आता हेही हात टेकणार. पण ते मजेत होते. चहाचा घोट घेत म्हणाले,

"वहिनी, मशीन ठणठणीत आहे. हा लोखंडाचा आवाज नाही."

आणि सरळ खालच्या जाळीला हात घातला. सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. महिनाभर अन्न नाही, पण पकड अशी की मिस्त्रींना हात सोडवता येईना. त्यांनी ओढाताण केली नाही. हळूच विचारलं, "काकी, आत काय ठेवलंय?"

सासूबाई रडायला लागल्या तेव्हा सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या पूजेतला नारळ त्यांनी कुणाला न सांगता जाळीच्या आत, कॉम्प्रेसरला टेकवून ठेवला होता. लवू सुखरूप येऊ दे, आला की तुझ्या नावाने फोडीन, असं देवाला गाऱ्हाणं घालून. कुणी हलवला तर गाऱ्हाणं मोडेल, या भीतीने त्या तिथे राखण करत बसत होत्या.

मिस्त्रींनी नारळ दोन्ही हातांनी बाहेर काढला. मशीन चालूच होतं, खुडखुड थांबली. त्यांनी तो सासूबाईंच्या कानाशी हलवला. आत गोटा वाजत होता. सहा महिने कॉम्प्रेसरची ऊब लागून पाणी आटलं होतं आणि खोबरं करवंटीपासून सुटलं होतं. मी कपाळावर हात मारला. आमच्या माळ्यावर शेकड्याने गोटे वाजतात, जन्म त्या आवाजात गेला, आणि मला कळू नये!

"नासला असता तर असा वाजला नसता," मिस्त्री म्हणाले. "तुमचा नारळ चांगला आहे."

सासूबाईंचा जीव थोडा शांत झाला, पण मी जेवायचं नाव काढलं तशी त्यांनी मान फिरवली, लवूचं पत्र येऊ दे म्हणाल्या. तेव्हा मिस्त्री पुन्हा पाटावर बसले.

"मी बोटीवर असताना माझ्या आईनेही ठेवला होता असाच. कोठीत, भातात पुरून. तीही माझ्या काळजीने जेवायची नाही. मी घरी आलो तेव्हा नारळ होता, आई नव्हती. काकी, हा फोडायचा कुणी? तुम्हीच ना? मग तोवर राहायला नको?"

 मी पिठलं-भात वाढला. सासूबाई जेवल्या. नारळ आम्ही फडक्याची चुंबळ करून देव्हाऱ्याशेजारी ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तीन पत्रं एकदम आली, कुठल्यातरी बंदरात अडकून पडलेली. हे आले श्रावणात. सासूबाईंनी पायरीवर नारळ फोडला. पांढराशुभ्र गोटा निघाला, तेलाचा वास घरभर. पहिला तुकडा देवाला, दुसरा यांना. तिसरा कागदात बांधून माझ्या हाती दिला आणि मांडवीला पिटाळलं.

मिस्त्री एका जुन्या फ्रीजसमोर बसले होते. मी पुडी दिली, काय आहे ते सांगितलं. त्यांनी हात पुसले, खोबरं तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिले. मग विचारलं, काकी जेवतात ना. मी म्हटलं, आता ताटावरून उठवावं लागतं.

"माझ्या आईचा अजून माळ्यावर आहे," ते म्हणाले. "माझ्याने फोडवत नाही."

मी घरी येऊन हे सांगितलं. सासूबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या, आणि संध्याकाळच्या आत मांडवीला जाऊन तो नारळ स्वतःच्या हाताने फोडून आल्या.