आईनं जिन्यात कठडा धरला

२०२२ साल होतं आणि मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. आई पंच्याण्णवची. सुरतेत डिंडोलीला तिसऱ्या माळ्यावर आमची खोली, घरात आई, मी आणि माझी बायको. आईचं जेवण तुटलं होतं, पण माझी झोप गेली होती ती वेगळ्याच कारणानं. आई प्रभुभोजन घेत नव्हती. पाळकसाहेब महिन्याला भाकर आणि द्राक्षरस घेऊन घरी येत, आणि ती हात जोडून म्हणे, "घरात अबोला असताना कुठल्या तोंडानं घेऊ?"

अबोला माझा होता, आमच्या चर्चमधल्या एकाशी. मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस, आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं. आई नगरकडं मिशनच्या दवाखान्यात आया होती. बाप लवकर गेला, तिनं एकटीनं मला वाढवलं. मी सुरतेला आलो तशी मागोमाग आली आणि वस्तीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं केली. ती रोज शास्त्र, म्हणजे बायबल, मोठ्यानं वाचायची, मला ऐकून ऐकून पाठ झालं. चर्चमध्ये मंडळीपुढं वाचायची पाळी आली की मी पुस्तक समोर धरून पाठ म्हणायचो. कुणाला कळलं नाही. एका रविवारी नेमलेला अध्याय एक आणि मी म्हटला दुसराच. शांतवान वायरमन, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, उठून म्हणाला, "मामा, पुढचं पान." लोक हसले. मी पुस्तक मिटलं आणि सात वर्षं देवळाची पायरी चढलो नाही. तो समोरून आला की मी दुकानांच्या पाट्या बघत उभा राहायचो, जशा काही मला वाचताच येतात.

आई म्हणायची, "तू पुढं हो." मी म्हणायचो, त्यानं व्हावं. "अरे, आपलं काय चुकलं हे त्याला ठाऊक तरी आहे का?" नसेल तर विचारावं त्यानं, असा माझा हेका.

एका दुपारी तिला दम लागला. डॉक्टर फोनवर म्हणाले, घेऊन या. बिल्डिंगला लिफ्ट नाही. आम्ही तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून लुगड्यानं बांधलं, पण बायकोचे गुडघे गेलेले आणि मला एकट्याला खुर्ची उचलेना. मी कधी कुणाकडं काही मागितलं नव्हतं, देवाकडंही नाही. त्या दिवशी दारात उभा राहून म्हटलं, प्रभू, माझ्यानं होत नाही. तेवढ्यात वरच्या माळ्यावरून पंखा दुरुस्त करून शांतवान खाली उतरत होता. त्यानं पिशवी ठेवली आणि खुर्चीची मागची बाजू धरली.

दुसऱ्या माळ्यावर दम खायला टेकलो, तर आईनं कठडा घट्ट धरला.

"सोड आई, खाली रिक्षा उभी आहे."

"राहू दे उभी. आधी दोघं बोला."

वरून बायको म्हणाली, "बोला ओ एकदाचे. म्हातारी जिन्यातच जायची."

मी भिंतीकडं बघत म्हटलं, "शांतवान, मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

तो पायरीवरच बसला. "मला वाटलं मामा, पानं चिकटली असतील. म्हणून सांगितलं."

सात वर्षं मी ज्याला अपमान म्हटलं, तो एवढाच होता. मी त्याचा हात धरला. आईनं कठडा सोडला आणि ती म्हणाली, "आता वर न्या. दवाखाना नको, पाळकांना बोलवा." संध्याकाळी डॉक्टर घरी येऊन तपासून गेले, म्हणाले, आता आजींचं मन राखा. पाळकसाहेबांनी रसात भिजवून दिलेली भाकर तिनं हळूहळू गिळली. तिसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको तिचे केस विंचरत असताना आई गेली. कण्हणं नाही, धडपड नाही. फणी केसातच होती.

पंखा कधीही बिघडतो, यात मी चमत्कार सांगत नाही. मला इतकंच कळतं की मी हात टेकले आणि जिन्यात पावलं वाजली. आईच्या मातीला रडू आलं, पण छाती हलकी होती. प्रभूची ठेव प्रभूकडं नीट पोचली, असं वाटलं. एवढं वाकायला मला सात वर्षं लागली, आणि तिनं तेवढी वर्षं माझी वाट बघितली.

मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शांतवानच्या घरी गेलो. त्यानं दार उघडलं. तो तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "चहा ठेव. बसायला आलोय."