निळी मधात

पृथ्वी फिरते ती आठ तारांच्या जोरावर, याविषयी माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना तिळमात्र शंका नव्हती. फुलचूरचे आमचे हे भाऊजी कॉम्प्युटरच्या केबली जोडायचे आणि आंघोळ करतानाही त्यातल्या तारांचे रंग पुटपुटायचे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन-दोन तारा पीळ घालून जोडीने येतात; त्यातली हिरवी जोडी फोडून मधे, त्यांच्या बोलीत 'मधात', निळी बसते, ही त्यांच्या मते सृष्टीतली सर्वांत सुंदर गोष्ट. ताईला कपडेही त्याच क्रमाने वाळत घालावे लागत. माझ्या लग्नाच्या पंगतीत मामा-मामी हिरव्या कपड्यांत दिसले, तर यांनी त्यांना उठवून मधे निळ्या कपड्यांतलं एक जोडपं बसवलं. मामी महिनाभर बोलली नाही.

मी तेव्हा सौंदडकडच्या एका शाळेत मास्तर होतो. बारावीच्या पोरींचे नर्सिंगचे फॉर्म ऑनलाइन भरायचे होते, पाचला मुदत संपत होती, आणि ऑफिसातून लॅबपर्यंत नवी केबल ओढूनही नेट जागचं हलेना. पोरी रडकुंडीला आल्या. केबल जोडणारा नागपूरचा इंजिनिअर टेस्टरचे पेटलेले आठही दिवे दाखवत म्हणाला, "केबल में कुछ प्रॉब्लम नहीं है, सर." मी भाऊजींना फोन लावला.

भाऊजी आले, चष्मा वर करून केबलचं टोक पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काऊन जी, जोड्या अशा सरळ लावल्या?"

"नीट दिसतात ना," इंजिनिअर म्हणाला.

"दिसाले नीट हाय, दिवेबी लागतात! पण तिसरी आन् सहावी संगं बोलतात. तुमी पांढऱ्या-हिरवीचं लगन निळीसंगं लावून देलं! जिले जिच्यासंगं पीळ हाय, तिच्यासंगंच बोलू द्या ना जी."

त्यांनी दोन्ही टोकं कापली आणि तारा नव्याने लावल्या. शेवटचा फॉर्म गेला तेव्हा पाच वाजायला चार मिनिटं बाकी होती. पोरींनी टाळ्यांनी शाळा डोक्यावर घेतली, मोठ्या बाईंनी भाऊजींना स्वतःची खुर्ची दिली, आणि मी इंजिनिअरकडे अशा रुबाबात पाहिलं, जणू केबल मीच जोडली होती. त्या पोरींपैकी दोघी आज नर्स आहेत.

आता शाळेत सगळं बिनतारी चालतं. भाऊजींना कोणी बोलावत नाही, आणि मोतीबिंदूमुळे त्यांना निळा-हिरवा ओळखूही येत नाही. परवा अंगणात चहा घेताना त्यांनी कपड्यांच्या दोरीकडे मान वळवून ताईला विचारलं, "निळं मधातच हाय ना?"

"मधातच हाय जी," ताई म्हणाली.

ते समाधानाने चहा प्यायले. मी दोरीकडे पाहिलं. तिच्यावर दोनच पांढरे टॉवेल होते. मीही म्हणालो, "अगदी मधात, भाऊजी."